सोबतीने पाहिलेला डांग

दिवाळीची सुटी जवळ आली की आपल्या सुरत, नवसारी, बडोद्याकडील मराठी घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : यंदा कोठे जायचे? हाताशी दोनच दिवस असतील, तर उत्तरही बहुधा ठरलेले असते. सापुतारा! पहाटे दशम्या आणि बटाट्याची भाजी बांधून घ्यायची, दुपारी तलावात नावेची फेरी मारायची, रोपवेतून दरीवरून जाऊन यायचे, मावळता सूर्य पाहायचा, मुलांची छायाचित्रे काढायची आणि दुसऱ्या दिवशी रात्री घरी परतायचे. या सहलीत वावगे काही नाही. कारखान्यांच्या आणि वाहनांच्या धुरात वर्षभर राहणाऱ्या माणसांना दोन दिवस गार वारा मिळाला, तर तो घ्यावाच.

तथापि सापुताऱ्याला जाऊन येणे आणि डांग पाहणे या दोन गोष्टी एक नव्हेत. सापुतारा हे डांग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, सरकारने वसवलेले थंड हवेचे ठिकाण. तेथील मूळची आदिवासी वस्ती त्या वेळी जवळच्या नवागामात हलवण्यात आली. डांग त्याच्या पलीकडे पसरलेला आहे. तीनशेच्या वर गावे, २०११ च्या जनगणनेप्रमाणे सव्वादोन लाखांच्या आसपास लोकवस्ती, आणि तीत शंभरांपैकी चौऱ्याण्णवांहून अधिक माणसे आदिवासी : कुंकणा, भिल्ल, वारली, गावित. हा मुलूख मोटारीच्या काचेतून दिसत नाही. तो दाखवायला तेथले माणूस बरोबर असावे लागते. गेल्या दिवाळीत मला अशी सोबत लाभली. तेव्हापासून जे मनात घोळते आहे, ते या महिन्याच्या सदरात वाचकांपुढे ठेवतो.

आमचे कडोदरे म्हणजे एक मोठा चौक. मुंबई–अहमदाबाद महामार्गाला येथे सुरत–धुळे महामार्ग छेदतो. या दुसऱ्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले की बारडोली लागते, मग व्यारा. तसेच पुढे गेले तर सोनगड, पिलाजीराव गायकवाडांचे ठाणे; तेथूनच गायकवाडांच्या राज्याचा पाया घातला गेला. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज त्या राज्याच्या चाकरीत या प्रांतात आले. आम्ही मात्र व्याऱ्याहून दक्षिणेला वळलो आणि उनाईची उष्णोदकाची कुंडे मागे टाकून वघईला पोचलो. वघई हे डांगाचे दार. बिलिमोऱ्याहून येथवर येणारी चिमुकली आगगाडी गायकवाड सरकारने १९१३ साली सुरू केली, ती मुख्यतः डांगातील सागाच्या लाकडासाठी. करोनाच्या काळात बंद पडलेली ही गाडी २०२१ साली पुन्हा धावू लागली.

बरोबर होते ते माझे एक शिक्षकमित्र. जन्माने आहव्याच्या बाजूचे, जातीने कुंकणा, आणि गेली बरीच वर्षे नोकरीच्या निमित्ताने आमच्याच तालुक्यात राहिलेले. वघईला त्यांचे दोन चुलतभाऊ येऊन मिळाले. तेथून पुढे मोटार सोडून आम्ही बरेचसे पायीच हिंडलो.

पहिल्या तासाभरातच एक गोष्ट ध्यानात आली. मला जेथे 'जंगल' दिसत होते, तेथे या तिघांना एकेक झाड दिसत होते. हा साग, हा सादडा, हा खैर, हे शिसव. बांबू म्हणजे केवळ बांबू नव्हे. भरीव मानवेल वेगळा आणि काटेरी, पोकळ कटस वेगळा. घराच्या कुडाला कोणता लागतो, टोपलीला कोणता आणि पावसाळ्यात कोणाचे कोंब भाजीला काढायचे, हे त्यांच्यातील लहान पोरालाही ठाऊक. मोहाचे झाड दिसले की ते कोणाच्या वाट्याचे, हेही लगोलग सांगितले जाई. फाल्गुन-चैत्रात पहाटे त्याच्याखाली पडलेली फुले वेचायला त्याच घरातील माणसे येतात, इतर कोणी हात लावीत नाही. कागदावर कोठेही न लिहिलेली ही वहिवाट सारा गाव पाळतो.

आम्ही पोचलो तो दिवस वसुबारसेचा होता. आपल्या घरी त्या दिवशी सवत्स धेनूची पूजा होते. डांगात त्याच तिथीला वाघबारस असते, आणि पूजा होते ती गाईला खाणाऱ्या वाघाची! गावाच्या शिवेवर वाघदेवाचा खांब उभा होता. लाकडावर कोरलेला वाघ, त्याच्यासोबत सूर्य, चंद्र आणि नाग. गुराखी पोरांनी तांदूळ, नारळ वाहिले. वर्षभर गुरे चरायला याच रानात न्यायची, तेव्हा रानाच्या धन्याशी सलोखा हवा, असा त्यामागचा सरळ हिशेब. माझ्या मित्रांनी सांगितले की डांगातले वाघ गेल्या शतकाच्या अखेरीस दिसेनासे झाले. आता बिबळे तेवढे आहेत. वाघ गेला तरी त्याची बारस राहिली. एखाद्या घरातील वडीलधारे माणूस गेल्यावरही त्याचे पान वाढले जावे, तसे मला ते वाटले.

मुक्काम मित्रांच्या थोरल्या भावाच्या घरी होता. शेणामातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती, वर कौले, पुढे सारवलेले अंगण. नुकतीच नागली कापून झाली होती आणि तिची कणसे खळ्यावर पडली होती. उतारावरच्या पातळ मातीत नागली आणि वरई हीच मुख्य पिके. जेवणात नागलीची काळसर भाकरी, उडदाचे वरण, वाटलेली मिरची आणि वास्त्याचे, म्हणजे बांबूच्या कोंबाचे, आंबूस लोणचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये गुजरात सरकारने संपूर्ण डांग जिल्हा नैसर्गिक शेतीचा म्हणून जाहीर केला. यजमानांच्या मातोश्रींना मी हे सांगितले, तेव्हा त्या हसल्या. रासायनिक खत विकत घ्यायला पैसे होते कधी, असे त्यांचे म्हणणे पडले.

रात्री अंगणात शेकोटी पेटली आणि गोष्टी निघाल्या. डांगी बोलीत गोष्टीला 'गोठ' म्हणतात. यजमानांचे वृद्ध चुलते गोठ सांगू लागले, आणि माझ्यासारख्या मराठीच्या अभ्यासकाचे कान एका शब्दापाशी टवकारले. तो शब्द 'मोगलाई'. आपल्या मराठीत मोगलाई म्हणजे अंदाधुंदी, बेबंदशाही. 'ही काय मोगलाई लागून गेली आहे?' असे आपण रागाने विचारतो. डांगात मात्र मोगलाई हे स्वातंत्र्याच्या काळाचे नाव आहे. त्या काळी रान मोकळे होते; मन मानेल तेथे घर बांधावे, हवे तेथे राब जाळून पेरावे, मासे धरावेत, शिकार करावी. मैदानातील गावांकडून भिल्ल नायक 'गिरास' नावाचा हक्क वसूल करीत आणि गायकवाडांचा कारभारही तो देत असे. त्यानंतर आली ती 'मंदिनी'. इंग्रजांनी जंगलाच्या हद्दी आखल्या, झाडे मोजली, कोठे राहायचे आणि कोठे पेरायचे हे ठरवून दिले, तो हा काळ. इतिहासकार अजय स्कारिया यांनी डांगातील अशा अनेक गोठी ऐकून त्यांवर एक ग्रंथ लिहिला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. मोगलाई आणि मंदिनी ही डांगी माणसाने स्वतः केलेली आपल्या इतिहासाची विभागणी आहे, हे त्यात विस्ताराने आले आहे. मी त्या रात्री तीच विभागणी शेकोटीच्या उजेडात, एका निरक्षर वृद्धाच्या तोंडून ऐकली. एकच शब्द, दोन मुलुख, आणि अर्थ मात्र अगदी उलटे. ज्याचे राज्य गेले आणि ज्याने राज्य केले, त्या दोघांचे शब्दकोश एक असू शकत नाहीत, हे मी वर्गात अनेकदा शिकवले असेल. त्या अंगणात ते प्रत्यक्ष दिसले.

याच इतिहासाचा एक धागा आजही जिवंत आहे. होळीच्या आधी आहव्याला 'डांग दरबार' भरतो. गाढवी, लिंगा, दहेर, पिंपरी आणि वासुर्णा या पाच भिल्ल राजांची मिरवणूक निघते आणि सरकारतर्फे त्यांना सालियाना दिला जातो. १९७१ साली देशातील साऱ्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले. डांगच्या राजांचे साल मात्र चालू राहिले. असे का, हे माझ्या मित्रांनी समजावून दिले. इंग्रजांनी १८४२ च्या सुमारास येथल्या सागासाठी या राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतले. त्या पट्ट्याच्या रकमेपासून ही प्रथा चालत आली आहे. म्हणजे मैदानातून आलेल्या पाहुण्यांना जो राजेशाही थाट वाटतो, तो डोंगरातल्या माणसाला आपल्या रानाच्या मालकीचा वार्षिक पुरावा वाटतो. आपण दरबाराला जातो ते जत्रा पाहायला. ते जातात ते आठवण टिकवायला.

आता भाषेविषयी. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात डांगीची गणना खानदेशीत केली आहे. 'माना घर' म्हणजे माझे घर. हा 'ना' आपल्या अहिराणीचाही आहे, आणि गुजरातीच्या 'नो-नी-नुं' चाही शेजारी आहे. कुंकणा लोक आपण मूळचे कोकणातले असे सांगतात. दुर्गादेवीच्या दुष्काळात त्यांचे पूर्वज उत्तरेकडे सरकले अशी परंपरा आहे. मी मराठीत बोलत होतो, ते त्यांच्या बोलीत. मधे कोणी दुभाष्या लागला नाही. सुरतेत कापडाच्या कामाला आलेल्या खानदेशी माणसाला तर ही बोली अधिकच जवळची वाटेल.

मुंबई राज्याच्या विभाजनापूर्वी हा मुलूख कोणाचा, यावर मोठा वाद झाला. महाराष्ट्राचे म्हणणे, ही बोली मराठी. गुजरातचे म्हणणे, ती गुजराती. १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत आला आणि वाद मिटला. तो उकरून काढण्याचा माझा हेतू नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत सुखाने नांदलो आहोत. परंतु त्या वेळी दोन्ही बाजूंनी जे लिहिले गेले, ते मराठीत, गुजरातीत किंवा इंग्रजीत. ज्या बोलीवरून भांडण, त्या बोलीत कोणी कोणाला काही विचारल्याचे फारसे आढळत नाही. बोली मात्र कोणाची वाट पाहत बसली नाही. पितळेच्या थाळीवर मेणाने काडी उभी करून, तिच्यावरून बोटे ओढीत जो घुमणारा स्वर निघतो, त्याच्या साथीने कुंकणा कथेकरी रात्रभर रामकथा आणि कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, कथा गातात. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते. ही परंपरा कोणत्याही राज्याच्या पाठ्यपुस्तकावर अवलंबून राहिलेली नाही.

असे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. व्हिएतनामच्या मध्यभागी एक उंच पठारी मुलूख आहे. तेथील दालात हे शहर फ्रेंचांनी थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवले. अलेक्सांद्र येर्सँ हा डॉक्टर १८९३ साली त्या पठारावर पोचला, तेथून त्या शहराची कथा सुरू होते. पुढच्याच वर्षी त्याने प्लेगचा जंतू शोधून काढला, म्हणून १९९४ चा प्लेग भोगलेल्या सुरतकरांना तो अगदीच परका नाही. त्या पठारावर एदे, जराय, बाना, कोहो अशा अनेक जमाती राहतात. मैदानातील लोक त्यांना सरसकट 'मोई' म्हणजे रानटी म्हणत; फ्रेंच त्यांना नुसतेच 'डोंगरी' म्हणत. त्यांच्या काशाच्या घंटावाद्यांच्या परंपरेला २००५ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशाचा मान दिला. आता तेथेही प्रवासी दालातचे तळे आणि बागा पाहून परततात, आणि काही थोडे मात्र तेथल्या मित्राचा हात धरून लांबोळक्या घरांत बसतात, त्यांची वाद्ये ऐकतात. रानटी, डोंगरी, जंगली हे सारे शब्द लांबून पाहणाऱ्यांचे आहेत. जवळ बसलेल्याला माणसांची नावे कळतात.

आता त्या गोष्टीकडे वळतो, जिच्यासाठी हे सारे लिहायला घेतले.

परतीच्या आदल्या दिवशी गावात गडबड दिसली. बोचकी बांधली जात होती, नागलीचे पीठ पिशव्यांत भरले जात होते. दिवाळी उलटताच मुकादमाचा ट्रक यायचा होता. कोठे निघालात, असे मी मित्रांच्या पुतण्याला विचारले. तो म्हणाला, "तुमच्याचकडे, गुरुजी. ऊस तोडायला."

डांगात पाऊस दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. परंतु खडकाळ उतारावरून तो अंबिका, पूर्णा, खापरी, गिरा या नद्यांतून खाली वाहून जातो. उन्हाळ्यात तेथल्या बायकांना हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते. एका पिकावर वर्ष निघत नाही. इकडे आमच्या मैदानात १९५४ चा काकरापारचा बंधारा आणि १९७२ चे उकाई धरण यांच्या कालव्यांनी उसाचा समुद्र उभा केला. चलथाण, बारडोली येथील सहकारी साखर कारखान्यांच्या शेतांत दिवाळीपासून वैशाखापर्यंत कोयता चालतो, तो बहुतांशी डांगातून आणि खानदेशातून आलेल्या हातांनी. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच बारडोलीच्या परिसरात राहून या लोकांच्या हालांचा अभ्यास केला होता. आजही शेताच्या कडेला प्लॅस्टिकच्या कागदाखाली त्यांचे पडाव पडलेले असतात, आणि आपण त्यांच्यावरून रोज जातो.

त्या पुतण्याने आमच्या तालुक्यात अकरा हंगाम काढले होते. कोणत्या गावाचा ऊस जाड, कोणत्या शेतात चिखल, हे त्याला तोंडपाठ होते. मी विचारले, "आमच्याकडे कोणाच्या घरी जाणे-येणे झाले का?" त्याने जरा विचार केला आणि मान हलवली. अकरा वर्षांत पाण्यासाठी अंगणापर्यंत जाणे झाले होते. उंबरठ्याच्या आत त्याला कोणी बोलावले नव्हते. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. रीतच अशी असते, एवढ्या सहजपणे सांगितले. त्याच्याच घराण्याच्या अंगणात मी तीन दिवस नागलीची भाकरी खात होतो, आणि त्याच्या काकूने मला एकदाही हात धुवायला स्वतः पाणी घेऊ दिले नव्हते.

त्याची मुलगी चौथीत शिकते. गावाभोवतीच्या प्रत्येक ओहळाचे नाव तिने मला सांगितले होते. रस्ता चुकू नये म्हणून माझ्यापुढे चालत ती दगडांवरून उड्या मारीत होती. तीच मुलगी आठ दिवसांनी पडावावर धाकट्या भावाला सांभाळत बसणार होती. शाळेत माझा सारा जन्म गेला, म्हणून हे अधिक टोचले असेल. अशा मुलांसाठी गुजरातेत स्थलांतर-कार्डाची सोय आहे. ते दाखवले की मूल ज्या गावी जाईल तेथल्या शाळेत त्याला बसता येते. तंबूशाळाही आहेत. परंतु कार्ड मुलाला शाळेपर्यंत चालवत आणीत नाही. त्यासाठी कोणी माणूस पडावावर जावे लागते, बापाशी बोलावे लागते, आणि तो काय म्हणतो हे समजावे लागते.

वाचकहो, येथे आपल्याजवळ एक असे साधन आहे जे इतरांजवळ नाही. ती बोली आपल्याला कळते. व्याकरण न शिकता, केवळ मराठी कानांमुळे कळते. बारडोली, पलसाणा, कामरेज, महुवा या बाजूंना राहणारी आपली घरे काही कमी नाहीत. हंगाम सुरू आहे तोवर आपल्या गावाजवळच्या पडावावर एकदा जाऊन यावे. मुले किती, कोणत्या इयत्तेतली, कार्ड आणले आहे का, एवढे विचारावे आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवावे. आजाऱ्याला दवाखान्याची वाट दाखवावी. रविवारी एखाद्या कुटुंबाला घरी बोलावून, पाटावर बसवून जेवू घालावे. हे दान नव्हे आणि समाजसेवाही नव्हे. डोंगरात गेल्यावर जी सोबत आपल्याला फुकट मिळते, तिची ही परतफेड आहे.

आमच्या शाळेच्या शेजारच्या पडावावर या हंगामात डांगातली चौदा मुले आहेत. त्यांपैकी नऊ वर्गात येऊ लागली आहेत. ओहळांची नावे सांगणारी ती मुलगी त्यांत आहे. उरलेल्या पाचांच्या वडिलांना भेटायला मी आणि माझे मित्र येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत.